मोबाईलमधल्या सात बाह्या

शिवण शिकलेल्या मुलीला काय येतं हे तिच्या बोलण्यावरून कळत नाही, फाईलवरून कळतं. फाईल म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. प्रत्येक पानावर वीतभर कापड डकवलेलं असतं. एका पानावर तुरपाई, एकावर काज-बटन, एकावर चुण्या, एकावर गळ्याची पट्टी. शेवटी दोन-तीन पुरे कपडे घडी करून पिशवीत. परीक्षक येतात, पानं उलटतात, कापड उलटं करून आतली बाजू बघतात आणि मार्क देतात. सेलूत माझा शिवणवर्ग आहे. अडतीस वर्षं मी अशा फाईली करून घेतल्या. माझं स्वतःचं शिक्षण चौथी. नवरा पुरुषांचे कपडे शिवायचा, बायकांच्या ब्लाउजला हात लावायचा नाही, म्हणून ते काम माझ्याकडं आलं आणि मी त्यात तयार झाले. तो गेल्यावर दुकान बंद केलं आणि वर्ग सुरू केला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. सगळे पाळतात, बोलत कोणी नाही. परीक्षा जवळ आली की मुलींच्या फाईलीवरून बाईचा हात फिरतो. वाकडं काज बाई सरळ करते, सुटलेली तुरपाई बाई घालते, आणि ब्लाउजची बाही तर बाईच लावते.

बाहीचं जरा सांगते, कारण वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यभर बाह्या घातल्या असतील, पण त्या कशा बसतात ते बघितलं नसेल. ब्लाउजला हात घालायचं जे भोक असतं त्याला मुंढा म्हणतात. मुंढ्याचा घेर आणि बाहीच्या माथ्याचा घेर सारखा नसतो. बाही थोडी मोठी असते. ती मोठी बाही लहान भोकात एकही चुणी न पडू देता बसवायची. त्यातही पुढची बाजू जास्त खोल कापलेली असते, मागची कमी. उजवीची डावीला लागली तर काखेत ओढ बसते आणि बाईनं हात वर केला की सगळा ब्लाउज वर चढतो. मडक्यावर चढवून बघा, पलंगावर पसरून बघा, काही कळत नाही. अंगात घालून दोरीवर कपडे वाळत घालायला गेलं की कळतं.

मुलींकडून बाही बिघडते. आणि वर्गातलं कापड बहुतेक गिऱ्हाइकाचं असतं. बिघडलं की गिऱ्हाईक माझ्या दारात उभं राहतं. म्हणून टीप मारायची मुलीनं, हूक लावायचे मुलीनं, आणि बाहीची वेळ आली की मी म्हणायचे, सरक. मुलगी उठायची, मी बसायचे. परीक्षक समोर परकर शिवून घेतात. त्याला बाही नसते, त्यामुळे हे कधी उघडं पडलं नाही.

माझ्या बहिणीची मुलगी वैशाली परभणीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. रविवारी कधीमधी येते. तिनं मला सांगितलं की आता पुठ्ठ्याच्या फाईलीचे दिवस गेले. मुलींनी आपल्या कामाचे फोटो काढायचे, कोणतं काम, कधी केलं, कसं केलं हे खाली लिहायचं, आणि सगळं मोबाईलमध्ये एका ठिकाणी लावून ठेवायचं. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. नोकरी देणाऱ्याला लिंक पाठवली की तो घरबसल्या फाईल बघतो. शिकवायलाही उपयोग होतो, ती म्हणाली. मुलगी पहिल्या महिन्यात कशी होती आणि सहाव्यात कशी झाली हे समोर दिसतं.

मी म्हणाले, मला डोळ्यानं दिसतं की.

ती म्हणाली, "मावशी, तुला दिसतं गं. पण तू काय प्रत्येकीबरोबर नोकरी मागायला जाणार आहेस का?"

मला पटलं. वर्गातल्या नऊ मुलींचे नऊ कप्पे तिनं माझ्या मोबाईलमध्ये करून दिले. पहिले फोटो आले ते बघण्यासारखे होते. एकीनं ब्लाउज दाराच्या कडीला अडकवला होता, मागं कॅलेंडरवरचा मारुती ब्लाउजपेक्षा मोठा दिसत होता. एकीनं सोफ्यावर पसरून काढला, त्यात तिच्या सासऱ्याचा पाय आला. ब्लाउज अंगात घालून फोटो काढू द्यायला कुणाच्या घरी परवानगी नव्हती, आणि रिकामा ब्लाउज बघून बसतो कसा ते कळत नाही. शेवटी आम्ही उशी बांधून एक धड केलं, वर पितळी तांब्या ठेवला मानेसाठी. वैशालीनं बघितलं आणि बराच वेळ हसली, पण फोटो चांगले आले.

नऊ मुलींत सुनीता मोठी, तिशीच्या आसपासची. माहेर पोखर्णीकडचं, सासर आमच्या सेलूला लागून असलेल्या वाडीतलं. मेंढरं राखणारं घर. थोडी जमीन आहे, पण पोटाला पुरत नाही. दसरा झाला की घरातली माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात, गावोगाव शेतात खतासाठी मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. सुनीताची मुलगी पूजा पाचवीत गेली होती. तोवर नवरा आणि सासरा जात, सुनीता आणि सासू पूजाला घेऊन घरी राहत. त्या वर्षी सासरा अंथरुणाला खिळला, त्याला दुसऱ्या लेकाकडं नेलं, आणि मेंढरांमागं माणूस कमी पडायला लागला. घरात ठरलं की या दसऱ्याला सासूही चालणार, सुनीताही चालणार. मग पूजा एकटी राहणार कशी? तीही चालणार. मुलगी आठ महिने मेंढरांमागं गेली की शाळा सुटली. परत आल्यावर शाळेत बसते असं आमच्या भागात मी तरी बघितलं नाही.

यातून सुटायची एक वाट होती. परभणीला बायकांना शिवण शिकवणाऱ्या एका खाजगी केंद्रात शिकवणारीची जागा निघाली होती. पगार ठरलेला, दर महिन्याला. सुनीताला ती जागा मिळाली तर ती परभणीत खोली करून पूजाला घेऊन राहणार, आणि नवरा ते मान्य करायला तयार होता. सासू एकदा मला मुद्दाम भेटायला आली. कडक बाई, पण वाकडी नव्हे. म्हणाली, नोकरी लागली तर राहील, न्हाई लागली तर आमच्यासंगं चालंल, मी मधे पडत न्हाई. पण दसऱ्याच्या पल्याड मी थांबायची न्हाई, मेंढराला चारा लागतो.

जाहिरातीत मुलाखतीचा दिवस दिला होता आणि लिहिलं होतं, त्याआधी अर्जाबरोबर आपल्या कामाचे फोटो असलेली लिंक पाठवावी. वैशालीनं सुनीताची लिंक तयार केली. बावीस फोटो. सुनीतानं आनंदाच्या भरात ती आधी वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती कुठं कुठं गेली ते देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यातल्या एका अडत्याची बायको माझ्या दारात. चप्पल न काढता उंबऱ्याशी उभी.

"टेलरबाई," ती म्हणाली, "माझं माप तुमाला ठाऊक होतं तवर ठीक होतं. आता माझ्या नणंदेलाबी ठाऊक झालंय."

मला काही कळेना. तिनं फोन पुढं केला. सुनीतानं मापं नीट घेता येतात हे दाखवायला मापाच्या वहीच्या पानाचा फोटो टाकला होता. त्यावर सहा बायकांची नावं, आणि नावापुढं छाती, कंबर, दंड, सगळं इंचात. अक्षर सुनीताचं, सुरेख, लांबून वाचता येईल असं.

"नणंदेनं जालन्याहून फोन केला," ती म्हणाली. "म्हने, वहिनी, दोन इंच वाढलात जनू."

माझ्या वर्गात माप घेताना मोठ्यानं बोलायचं नाही असा नियम आहे. घेणारीनं लिहिणारीच्या कानाशी सांगायचं. अडतीस वर्षांत एका बाईचं माप दुसरीला कळलं नव्हतं. सासू-सुना एकाच दिवशी आल्या तरी एकेकीचं माप वेगळं घेते मी. आणि आता एका फोटोनं सहा बायका उघड्या पडल्या. मी माफी मागितली. मी सहसा मागत नाही. तिचा पुढचा ब्लाउज मी स्वतः, तिच्या मनासारखा शिवून देईन, असं सांगितलं. ती म्हणाली, तुमीच शिवा, पोरींच्या हातात देऊ नका. मी म्हणाले, बरं.

बाकी पाचजणींकडे मी स्वतः गेले. तिघींना पत्ताच नव्हता. मी गेले म्हणून कळलं. एक म्हणाली, चौतीसच लिहिलंय ना, मग राहू द्या.

वैशालीला मी लगेच बोलावून घेतलं. पान काढून टाक, आणि बाकीच्या सगळ्या फोटोंत कुठं कुणाचं नाव, माप, चिठ्ठी काही राहिलंय का ते मला दाखव, मोठं करून दाखव, असं म्हणाले. तिनं लॅपटॉप आणला. मी चष्मा लावून बसले. एकेक फोटो ती एवढा मोठा करायची की टाका ज्वारीच्या दाण्याएवढा दिसे. गिऱ्हाइकाचं नाव कुठं नव्हतं. पण आठव्या फोटोला मी तिला थांबवलं.

ब्लाउजची बाही होती. खाली लिहिलेलं, "बाही जोडणी, सुनीता." मी बाही खांद्याच्या मध्यापासून लावते. बहुतेकजण काखेतून सुरू करतात. मला नवऱ्यानं शर्टावर खांद्यापासून शिकवलं, आणि सुरुवातीला मी दोन टाके मागं घेते. ते दोन टाके तिथं होते. अक्षर ओळखू येतं तशी टीप ओळखू येते. मी म्हणाले, पुढचा दाखव. पुढची बाहीही माझी. बावीस फोटोंत सात बाह्या होत्या, सातही माझ्या.

पुठ्ठ्याच्या फाईलीत हे कधी दिसलं नव्हतं असं नाही. दिसायचं, पण ती फाईल परीक्षकानं बघितली की माळ्यावर जायची. ही फाईल सुनीताच्या आधी परभणीला जाणार होती आणि तिथं बसलेल्या माणसांना सांगणार होती की ही बाई अशा बाह्या लावते. आणि ती जागा शिवून देणारीची नव्हती, शिकवणारीची होती.

वैशालीला मी सांगितलं, हे सात काढ.

"मावशी, मग राहतं काय?" ती म्हणाली. "परकर, काज आणि फॉल. तेवढ्यावर कोण घेईल तिला?"

"काढ म्हनले ना."

खरं सांगते, काढ म्हणण्याआधी मी त्या सात बाह्या परत एकदा बघून घेतल्या होत्या. कुणाला कळणार आहे, असा विचार माझ्या मनात आला होता. मुलाखत आठ दिवसांवर होती. तिथं हातात कापड देतीलच असं नाही. पण दिलं तर तिची बोलती बंद होणार आणि पूजा मेंढरांमागं जाणार, आणि ते माझ्या हातामुळं.

सुनीता आली. मी तिला फोटो दाखवून सांगितलं. ती म्हणाली, सगळ्यांच्याच फाईलीत तुमचा हात असतो बाई, त्यात काय. मी म्हणाले, तिथं मी नसणार. ती म्हणाली, मला येतंय की, तुमाला लावताना लय वेळा बघितलंय. मी तिच्यापुढं कापलेला ब्लाउज आणि बाही टाकली. लाव म्हणाले.

पाऊण तास झाला. काखेपाशी तीन चुण्या, मागचा भाग ताणलेला, आणि माथ्याला बोटभर बाही उरलेली, ती तिनं कशीतरी दुमडून टिपेखाली दाबली होती. तिनंच ब्लाउज खाली ठेवला.

"दोन वर्षं झाली मला हितं येऊन," ती म्हणाली. "एक बाही लावू दिली न्हाई तुमी मला. सरक म्हनायच्या, आन मी सरकायची. आता आठ दिवस ऱ्हायलेत, आन म्हनता येत न्हाई."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मला त्या वेळी शकू आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वीची माझी मुलगी, म्हणजे वर्गातली. परीक्षेत पहिली आली होती. लग्न होऊन जिंतूरला गेली, तिथं नवऱ्यानं मशीन घेऊन दिलं, पाटी लावली. सहा महिन्यांत पाटी उतरली. गिऱ्हाईक टिकेना असं कानावर आलं. मी सगळ्यांना सांगत फिरले की शकू आळशी आहे, धंद्याला बसायची चिकाटी नाही. पहिली आली होती ती माझ्या बाह्यांवर, हे मला त्या दिवशी सुनीता समोर बसलेली असताना लक्षात आलं. शकूचा पत्ता आता माझ्याकडे नाही. असता तर गेले असते असं मी म्हणत नाही. बहुधा गेले नसते.

सुनीताला म्हणाले, उद्यापासून सकाळी ये, वर्गाच्या आधी. आणि जुन्या चादरी घेऊन ये, असतील तेवढ्या.

ते आठ दिवस मला कठीण गेले. तिला कठीण जाणारच होते, पण मला जास्त. मुलगी चुकते आहे हे दिसत असताना हात आवरणं मी कधी केलंच नव्हतं. पहिल्या दिवशी दोनदा माझा हात तिच्या कापडापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन तूर निवडायला बसले. हाताला काम असलं की तो दुसरीकडं जात नाही. चार दिवसांत घरातली सगळी तूर निवडून झाली, मग शेजारणीची आणली. शेजारीण म्हणाली, बाईंना काय झालंय, फुकट डाळ निवडायला लागल्यात.

तोंडानं मात्र सांगायचे. बाही ओढू नको, मुंढ्याला बसू दे. मोठी बाजू खाली घे, मशीनचे दात तिला आपोआप खातात. आधी खांदा जुळव, मग काख, मग मधलं. चुणी पडली की पुढं जाऊ नको, तिथंच उसव. ती एक बाही दिवसात चार वेळा उसवायची. चादरीचा चुथडा होईपर्यंत.

फोटो ती रोज काढायची. पहिल्या दिवसाची बाही, तिसऱ्या दिवसाची, पाचव्या दिवसाची, सुलटी आणि उलटी दोन्ही बाजूंनी. रविवारी वैशाली आली तेव्हा आमचं भांडण झालं. वैशालीचं म्हणणं, फक्त शेवटच्या दोन चांगल्या बाह्या टाकू. नोकरी मागताना आपलं वाईट काम कोण दाखवतं? मी म्हणाले, तिला शिकवायची नोकरी पाहिजे. बाही कुठं बिघडते ते जिला ठाऊक, तीच शिकवणार. पहिल्या दिवसाची टाक आणि खाली लिही की इथं काय चुकलं.

वैशालीनं लॅपटॉप पुढं ओढला. मग म्हणाली, "मावशी, हे मी कॉलेजात तासभर बोलून शिकवते, आणि पोरं तरी चांगलंच तेवढं टाकतात."

"मग तू बोलू नको, उसवायला लाव," मी म्हणाले.

पाच बाह्या टाकल्या आणि लिंक अर्जाबरोबर परभणीला पाठवली. पहिली बघवत नव्हती. खाली सुनीतानं स्वतः लिहिलं, "मागचा मुंढा ओढला. बाही उरली ती दुमडली. असं करू नये." शेवटची बरी होती. उत्तम नव्हे, बरी. मी लावली असती तर चांगली झाली असती, पण ती तिची होती. काखेतून सुरू केलेली. खांद्यापासून लावणं तिला जमलं नाही, तिच्या हाताला काखच सोयीची पडली. मी ते सोडून दिलं.

मुलाखतीच्या दिवशी ती सकाळच्या गाडीनं परभणीला गेली. मी वर्ग घेतला. काय शिकवलं ते सांगता येणार नाही. एका मुलीचा गळा मी दोनदा चुकीचा खुणावला. दुपारची भाकरी ताटात तशीच राहिली. दोन वाजून गेले तरी फोन नाही. तीन वाजायच्या सुमाराला आला.

"बाई, बाही लावायलाच दिली," ती म्हणाली.

मी म्हणाले, मग?

तिनं सगळं सांगितलं. दोन साहेब आणि एक मॅडम होत्या. लिंक त्यांनी उघडून ठेवली होती. एका साहेबांनी पहिल्या बाहीचा फोटो दाखवून विचारलं, हा चुकून टाकला का? ती म्हणाली, चुकून नाही, चुकलेला म्हणून टाकला. मग मॅडमनी कापलेला ब्लाउज दिला आणि अर्धा तास दिला. मशीन मोटारीचं होतं. आमच्याकडं पायाची मशीनं. मोटारीनं कापड असं ओढलं की तिला धरवेना. त्या गडबडीत तिनं उजवी बाही डाव्या मुंढ्याला लावली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लावून झाल्यावर मला दिसलं," ती म्हणाली. "खोल बाजू मागं आलती. कुनी कायबी बोललं न्हाई. मीच म्हनले, मॅडम, उलटी लागली, उसवते. साहेब घड्याळ बघायलेत. मी उसवली, परत लावली. येळ संपून गेलता."

ब्लाउज मॅडमनी हातात घेतला, आतली बाजू बघितली. मग विचारलं, वर्गातल्या मुलीनं असं केलं तर तुम्ही काय कराल? लावून द्याल का?

"मी म्हनले, न्हाई मॅडम, मी हात लावनार न्हाई. आमच्या बाईनं दोन वर्षं लावून दिली, म्हनून आज मला घाम फुटला."

परभणीत, तीन अनोळखी माणसांसमोर, माझी अब्रू गेली ती अशी. मी सुनीताला विचारलं, माझं नाव सांगितलंस का? ती म्हणाली, न्हाई, आमच्या बाई एवढंच म्हनले. मी म्हणाले, सांगितलं असतंस तरी चाललं असतं. ते खोटं होतं, पण त्या वेळी मी दुसरं काय म्हणणार.

घेतलं की नाही हे त्यांनी तिथं सांगितलं नाही. कळवू म्हणाले. चार दिवस सुनीता रोज वर्गात यायची, मोबाईल मशीनवर उपडा ठेवायची आणि टीप मारत बसायची. पाचव्या दिवशी सकाळी ती आली ती धावतच. मोबाईल माझ्यासमोर धरला. चष्मा माझ्याजवळ नव्हता, म्हणून मी म्हणाले, वाच. तिला वाचवेना. पलीकडच्या मुलीनं वाचून दाखवलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हा, असं लिहिलं होतं.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद नंतर आला. आधी छातीवरचं ओझं उतरलं, जसं डोक्यावरची घागर उतरल्यावर मान मोकळी होते तसं. मुलीची शाळा माझ्यामुळं सुटली नाही. बास. मी वर्गाला त्या दिवशी सुट्टी दिली आणि घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी मेंढरं निघाली. आदल्या दिवशी सासू माझ्याकडं आली. पाणी प्याली, आणि म्हणाली, सुनेचं बरं झालं, पर तिच्या वाटचं चालनं आता माझ्या पायाला आलं बाई. ती म्हणत होती ते खरं होतं. उठताना तिनं विचारलं, पूजाला शाळेचा डगला कोन शिवील? मी म्हणाले, तिची आई. ती म्हणाली, मंग बाही नीट लावा म्हनावं.

वर्गाची रीत मी त्यानंतर बदलली. आता बाही मुलगी लावते, माझ्यासमोर, आणि मोबाईलमध्ये बिघडलेली आणि सुधारलेली दोन्ही ठेवते. गिऱ्हाइकाचं कापड मी कच्च्या मुलीला देत नाही. त्यासाठी जुन्या चादरी आणि परकराची कापडं गोळा करते. अडत्याची बायको अजून म्हणते, तुमीच शिवा. तिचा मीच शिवते. माझे हात अजून चालतात, आणि ते दुसऱ्याच्या कापडाकडं अजून जातात, हेही खोटं सांगत नाही.

सुनीता परभणीला जाऊन महिना झाल्यावर माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. एका ब्लाउजची बाही, तिच्या वर्गातल्या एका नव्या मुलीनं लावलेली. खाली लिहिलं होतं, "बाई, हिची पहिली बाही. मी हात लावला न्हाई."

मी तो मोठा करून बघितला. काखेत चार चुण्या होत्या, माथा एका बाजूला कललेला, टीप दोनदा सुटलेली. लय वाईट बाही होती. मला फार बरं वाटलं.